कागद देणाऱ्यानं काय मागावं?

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून मी पहिल्यांदा धडगावकडे गेलो, तेव्हा माझ्याजवळ एक कापडी पिशवी होती. तिच्यात ड्रॉइंगचे कागद, पावडर रंगाच्या बाटल्या आणि बारा ब्रश. नंदुरबार जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून आम्ही सुटलो, त्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. मी चित्रकलेचा मास्तर. नोकरी पक्की, पगार वेळेवर. अशा माणसाला समाजासाठी काहीतरी करावंसं वाटतं. मलाही वाटलं.

मी मूळचा नंदुरबारजवळचा, सपाटीवरचा. माझी आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. मैलभर आधीपासून नाकाला समजतं. आई संध्याकाळी घरी आली की हात थंड पाण्यात घालून बसायची. मी पथारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं बैल काढायचो. आई म्हणायची, "भाऊ, चित्र काढीसन पोट भरस का?" पुढे माझं भरलं. म्हणून मला वाटायचं, माझं भरलं तसं डोंगरातल्या पोरांचंही भरेल. फक्त कुणीतरी कागद दिला पाहिजे.

एका पाड्यावर ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम रिकामं होतं. तिथं शनिवार-रविवार आम्ही मुलांना जमवायला लागलो. आम्ही तिघं. मी, तिथल्या अंगणवाडीच्या ताई आणि गुजरातेत ऊसतोडीला जाऊन परत आलेला एक तरुण, जो ढोल उत्तम वाजवायचा. नाव काही ठेवलं नाही. पोरं 'चित्राची खोली' म्हणायची, तेच राहिलं. तिथं चित्रं व्हायची, मातीची बैलं व्हायची, ढोल आणि बासरी वाजायची, सोंगं व्हायची. दहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची पोरं यायची. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत गेलेले, ती जास्त यायची. त्यांना घरी कुणी नसायचं.

ही खोली आम्ही कितीतरी वर्षं चालवली. तिथं जे चांगलं झालं ते सांगायला मी बसलेलो नाही. माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि त्यांनी मला एक प्रश्न लावून दिला. तो अजून सुटलेला नाही. तोच सांगतो.

पहिली चूक होळीची.

सातपुड्यात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. दिवाळी त्याच्यापुढे काही नाही. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, माणसं लांबून चालत येतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी तर लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. तिथं काही पुरुष कमरेला वाळलेले भोपळे आणि मोठाली घुंगरं बांधून नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके. शहरातला माणूस हे पाहतो आणि कॅमेरा काढतो. पण ते सोंग नाही. तो नवस आहे. ज्यानं नवस धरला तो काही दिवस खाटेवर झोपत नाही, बायकोजवळ जात नाही, पायात वहाण घालत नाही. मग ते भोपळे त्याच्या कमरेला लागतात. आधी पाळणूक, मग नाच.

हे मला त्यावेळी माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

एका जानेवारीत बाहेरच्या एका मोठ्या शहरात कार्यक्रम होता. तिथून निरोप आला, आदिवासी नृत्य पाहिजे. बक्षीस चांगलं होतं. आमच्या पोरांची दुसरी नाचं छान बसलेली होती, पण मला वाटलं, भोपळेवाला नाच नेला तर पहिला नंबर कुठे जात नाही. मी पोरांना म्हटलं. पोरं गप्प बसली. ढोलवाला तरुण हळूच म्हणाला, "गुरुजी, ते होळीचं आहे." मी म्हटलं, "अरे, होळीला करतोच ना आपण? मग जानेवारीत केलं तर काय बिघडतं? आपली संस्कृती लोकांना कळू दे." संस्कृती हा शब्द मी त्या काळात फार वापरायचो.

शेवटी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा तयार झाला. त्याच्या मागे आणखी चौघं आले. मुलगा माझा लाडका होता. मी म्हटलं म्हणून तो तयार झाला, नाच करायचा म्हणून नाही. हा फरक मला नंतर कळला. कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, बक्षीस मिळालं. पैसे आम्ही सारखे वाटले. त्या मुलाच्या वाट्याच्या पैशातून त्यांच्या घरी एक शेळी आली.

आठ-दहा दिवसांनी त्याचे वडील खोलीवर आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. मी चहा सांगितला, तो प्यायले. डोंगरात मास्तरालासुद्धा 'तू'च म्हणतात, आणि त्या 'तू'मध्ये मान कमी नसतो. म्हणाले, "गुरुजी, तू पोराला नाचवलं, बरं केलं. शेळी आली, तेही बरं झालं. पण तू त्याला कोणासाठी नाचवलं?"

मी म्हटलं, "लोकांसाठी. लोकांना आपलं दिसावं म्हणून."

ते म्हणाले, "होळीला आम्ही लोकांसाठी नाही नाचत."

एवढंच. रागावले नाहीत. चहाचा पेला धुऊन ठेवला आणि गेले.

पुढे होळी आली. गावातल्या जाणत्या माणसांनी बसून ठरवलं की त्या पाच पोरांनी यंदा नवस धरायचा नाही. दंड नाही, वाळीत टाकणं नाही. फक्त यंदा नाही. मी होळीला गेलो होतो. पहाटेच्या उजेडात तो मुलगा मला गर्दीच्या कडेला दिसला. अंगात पँट-शर्ट, धाकट्या भावाचा हात धरलेला. बाकीची पोरं आत नाचत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसला, आणि परत नाचाकडे पाहायला लागला. त्यानंतर तो खोलीवर आला नाही.

मला कुणी दोष दिला नाही, म्हणून तो दोष माझ्याजवळच राहिला.

दुसरी चूक याच्या अगदी उलटी. त्या होळीनंतर मी इतका घाबरलो की आता जे करायचं ते शुद्ध करायचं, असं ठरवलं. बाहेरचं काही नको. सिनेमातली नटी नको, मोटारसायकल नको. मोहाचं झाड काढा, मोर काढा, शेत काढा. मला वाटायचं, मी त्यांचं राखतोय.

बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. ती एका शनिवारी ट्रक काढत होती. कागदभर ट्रक. मागे माणसंच माणसं, त्यांच्या हातात कोयते, भांडी, एक कोंबडी आणि ट्रकच्या पाठीमागं लोंबकळणारा कंदील. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी न्यायला येतो तो ट्रक. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि म्हटलं, "हे काय गं? आपलं काढ ना. मोर काढ."

तिनं ब्रश पाण्यात ठेवला. म्हणाली, "मोर तू काढ. माझी याहा ट्रकात गेली."

याहा म्हणजे आई.

मी काय बोलणार? अंगणवाडीच्या ताई शेजारी होत्या. त्या मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला तिचं चित्र नको होतं. तुम्हाला तुमचं पाहिजे होतं, तिच्या हातानं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या दोन्ही चुका वेगळ्या नव्हत्या. पहिल्या वेळी मी त्यांचं जे दाखवायचं नव्हतं ते मागितलं. दुसऱ्या वेळी तिला जे दाखवायचं होतं ते नाकारलं. दोन्ही वेळा कागद माझा होता, म्हणून चित्रही मी ठरवणार, असं मी धरून चाललो होतो. पोरांसाठी अशा खोल्या चालवणाऱ्या माणसांचा सगळ्यात मोठा मोह हाच असावा. आपण फुकट देतो, पैसे घेत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की आपण काहीच घेत नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आणि जुन्या माणसांकडे पाहिलं. आपल्या महाराष्ट्रात या कामाचं मोठं उदाहरण भास्कर कुलकर्णी यांचं. हे चित्रकार. पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारात मधुबनीला पाठवलं. दुष्काळ होता, तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला कागद दिला की चार पैसे मिळतील, असा विचार. पुढे १९७० नंतर ते आपल्या डहाणूकडच्या वारली पाड्यांत आले. तिथं गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यांना भेटले. जिव्यांची गोष्ट अशी सांगतात की लहानपणी आई गेली, आणि पोर बोलेनासं झालं. धुळीत रेघा काढून ते आपलं म्हणणं सांगायचं. त्या हाताला कुलकर्णींनी कागद दिला. पुढे जिव्या सोमांचं नाव जगभर गेलं, २०११ ला पद्मश्री मिळाली. २०१८ ला ते गेले.

ही गोष्ट ऐकायला सरळ वाटते. पण तिच्यातही आमच्या होळीसारखी एक अडचण आहे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी काढायच्या. तांदळाच्या पिठानं, गेरूच्या भिंतीवर. धवलेरीची गाणी चालायची, आणि चौकात पालघट देवी बसायची. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. ते विकायचं नव्हतं, त्याच्यावर कुणाचं नाव नव्हतं. कागद आला तसे पुरुष पुढे आले, नावं आली, किमती आल्या. म्हणजे कागद देणाऱ्यानं काहीतरी हलवलं. ते चांगलं की वाईट?

मला जे दिसतं ते असं. जिव्या सोमांनी कागदावर देवीचा चौक तेवढाच काढत बसायचं, असं केलं नाही. त्यांनी मासे धरायचं जाळं काढलं, मुंग्या काढल्या, शेत काढलं, नाच काढला, ऐकलेल्या गोष्टी काढल्या. लग्नाचा चौक लग्नात राहिला, आणि कागदावर त्यांचं स्वतःचं जगणं आलं. रेघ कुठे ओढायची ते त्यांनी त्यांचं ठरवलं. कुलकर्णींचं मोठेपण मला यात वाटतं की त्यांनी कागद दिला आणि हात मोकळा सोडला. पुढे वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अर्जसुद्धा आदिवासी युवकांच्याच संघटनेनं केला होता. पोरांनी आपलं आपण मागून घेतलं.

दुसरं उदाहरण आमच्या जवळचं, भिल्लांचं. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. १९८२ ला ते उघडलं. तिथं चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले. घमेली उचलण्यापेक्षा चित्र काढण्याचे पैसे जास्त मिळतात, याचंच त्यांना नवल वाटलं होतं. २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे वाचलं की मला माझी आई आठवते, हात पाण्यात घालून बसलेली. चित्रानं पोट भरतं का, या प्रश्नाला भुरीबाई हे उत्तर आहे. ज्याच्या घरी ज्वारी संपत आली आहे, त्याला "तुझी कला पवित्र आहे, ती विकू नको" असं सांगणारा माणूस स्वतः जेवून आलेला असतो. ही गोष्ट मी विसरू इच्छित नाही. त्या मुलाच्या बापानंही शेळीला नावं ठेवली नव्हती.

पण त्याच भारत भवनातून मोठे झालेले जनगढ सिंह श्याम, गोंड चित्रकार, २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेले असताना तिथंच त्यांनी जीव दिला. माणसाच्या मनात शेवटी काय होतं ते बाहेरच्यानं सांगू नये. मी एवढंच म्हणतो की पाटणगढसारख्या गावातून निघालेला हात इतका दूर जातो, तेव्हा त्याला "आता पुरे, मला घरी जायचंय" असं म्हणायची सोय कुणी ठेवलेली असते का, हे आपण विचारलं पाहिजे. माझ्या त्या मुलाला "गुरुजी, नाही" म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. तो माझा लाडका होता, म्हणून तर मुळीच नव्हती.

आता कुणी म्हणेल, मग मास्तरानं करायचं काय? नुसता कागद वाटायचा आणि भिंतीला टेकून बसायचं? मलाही काही दिवस असंच वाटलं होतं. मी शिकवणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, तुझं तू बघ. ताईंनी त्यावरूनही मला झापलं. म्हणाल्या, "पोराला पोहायचंय आणि तुम्ही काठावर बसून म्हणता, पाणी तुझंच आहे."

तेव्हा मला शिकवणं आणि मागणं यांतला फरक कळायला लागला. निळ्यात पिवळा किती घातला की हिरवा होतो, हे शिकवावं. कागद ओला असताना रंग कसा पसरतो, मातीच्या बैलाचा पाय वाळताना का तडकतो, ढोलाचं कातडं कधी शेकायचं, हे जाणणाऱ्यानं सांगावं. चित्र विकलं तर किंमत किती सांगायची, कोपऱ्यात स्वतःचं नाव कसं लिहायचं, फोटो काढणाऱ्याला "आधी विचार" असं कसं म्हणायचं, हेही शिकवावं. शहरातली चित्रं दाखवावीत, दुसऱ्या देशातली दाखवावीत. पोराला आपल्या पाड्यातच कोंडून ठेवणं हीसुद्धा जबरदस्तीच. पण हे सगळं देऊन झालं की हात मागे घ्यावा. आता तू काय काढतोस, कोणासाठी काढतोस, काढतोस की नाही, हे तुझं.

आणि जिथं ते एका पोराचं नाही, सगळ्या गावाचं आहे, तिथं गावाला विचारावं. होळीचा नाच त्या मुलाचा एकट्याचा नव्हता. तो 'हो' म्हणाला तरी ते त्याला देता येण्यासारखं नव्हतं, आणि मला घेता येण्यासारखं तर मुळीच नव्हतं. आपण शहरी माणसं सही घेतली की झालं असं समजतो. डोंगरात काही गोष्टींवर कुणा एकाची सही चालत नाही.

आमच्याच जिल्ह्यात नर्मदेच्या काठानं हे काम करणारी माणसं आहेत. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. तिथं नर्मदा बचाओ आंदोलनानं १९९१-९२ च्या सुमाराला जीवनशाळा सुरू केल्या. पाणी वर आलं तशा काही शाळा उचलून वर न्याव्या लागल्या. मला त्यांच्यातलं एक विशेष वाटतं. शिकवणारे बरेचसे तिथलेच तरुण होते, ज्यांना पोरांची बोली येते. तिथं पोरगं पावरीत किंवा भिलोरीत बोललं तर मास्तराला कळतं. माझ्या खोलीत पोरगी 'याहा' म्हणाली, तेव्हा तो शब्द मला आधी दुसऱ्यांना विचारून घ्यावा लागला होता. ज्याला पोराची भाषा पुरती येत नाही, त्यानं पोराचं चित्र दुरुस्त करताना दहा वेळा थांबावं.

यावरून आम्ही एक ठरवलं. खोलीची किल्ली ढोलवाल्या तरुणाकडे दिली. कार्यक्रमाचं बोलावणं आलं की आधी तो आणि मोठी पोरं बसून ठरवणार, आणि गावाचं असेल तर गावातल्या जाणत्यांना विचारणार. मला बोलावलं तर मी जाणार. पहिल्या वर्षी त्यांनी दोन बोलावणी नाकारली. त्यातलं एक मला अगदी घ्यावंसं वाटत होतं. चरफडलो, पण बोललो नाही. तिसऱ्याला त्यांनी होकार दिला आणि सोंगं नेली, ऊसतोडीच्या मुकादमाची नक्कल. लोक हसून हसून बेजार झाले. मी ते कधीच सुचवलं नसतं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात खोलीवर गेलो होतो. ढोलवाला तरुण आता तरुण नाही, त्याचीच पोरगी तिथं लहान मुलांना माती मळायला शिकवते. भिंतीवर तो ट्रक अजून आहे, रंग उडालेला. होळीचं चित्र मात्र एकही नाही. कुणी मनाई केलेली नाही. पोरांना ते काढावंसं वाटत नाही, एवढंच. त्या मुलाचं विचारलं. पुढच्या वर्षी त्याला नवस धरता आला, असं कळलं. आता तो स्वतः दोन पोरांचा बाप आहे. त्याला भेटायला जावं असं मनात आलं, पण गेलो नाही. काय बोलणार होतो? माफी मागितली असती तर त्यालाच अवघडल्यासारखं झालं असतं, आणि माझं ओझं तेवढं हलकं झालं असतं.

निघताना सात-आठ वर्षांच्या एका पोरानं माझ्यापुढे कागद सरकवला. कोळशाचा तुकडा दिला. म्हणाला, "काढ."

मी विचारलं, "काय काढू?"

तो म्हणाला, "तुला येतं ते."

मी पथारी काढली. मिरच्या, त्यांच्यात बसलेल्या बाया, आणि एका बाईचे हात पाण्यात. त्यानं पाहिलं, कोण आहे ते विचारलं. मी म्हटलं, "माझी याहा." त्यानं मान हलवली, आणि कागद माझ्याकडेच राहू दिला.